कळ दाबणारा आणि आज्ञावली लिहिणारा

आपल्या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी आज चाकण, तळवडे, भोसरी येथील कारखान्यांत सीएनसी यंत्रांवर काम करीत आहेत. पालकांतही अशांची संख्या मोठी आहे. तरीही ‘संगणकाची भाषा’ म्हटले की ती हिंजवडीच्या काचेच्या इमारतींतील, इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांची मिरासदारी आहे असे आपण मानून चालतो. या समजाची किंमत आपली मुले मोजीत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या घरात सीएनसीवर काम करणारा माणूस आहे, त्या घरात संगणकाची एक भाषा कधीच येऊन पोहोचली आहे. तिचे नाव जी-कोड.

मिलिंगच्या यंत्राला ‘एम ०३ एस १२००’ अशी ओळ दिली की स्पिंडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, मिनिटाला १२०० फेरे घेत फिरू लागतो. ‘जी ०१’ म्हणजे टूल सरळ रेषेत, ठरवून दिलेल्या वेगाने न्यावे. ‘एम ०५’ म्हणजे स्पिंडल थांबवावा. शेवटी ‘एम ३०’ आले की आज्ञावली संपते आणि पुन्हा पहिल्या ओळीवर जाऊन उभी राहते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५२ साली असे यंत्र प्रथम चालवून दाखविले गेले, तेव्हा आज्ञा कागदी पट्टीवर भोके पाडून दिल्या जात. ती पट्टी शेवटी उलटी गुंडाळावी लागे. पट्टी गेली, पण गुंडाळण्याची आज्ञा ‘एम ३०’च्या रूपाने अजून टिकून आहे.

संगणक-आज्ञावली म्हणजे मुळात एवढेच: कोणते काम, कोणत्या क्रमाने, किती प्रमाणात, हे संदिग्धता न ठेवता लिहून देणे. माणसाला ‘जरा पुढे सरक’ म्हटलेले समजते. यंत्राला ‘जरा’ समजत नाही. काही सीएनसी नियंत्रकांवर दशांशचिन्ह न देता नुसते १० लिहिले, तर यंत्र ते १० मिलिमीटर न समजता १० मायक्रॉन समजते, म्हणजे मापात हजारपटीचा फरक. यंत्र लिहिलेले वाचते, मनातले वाचत नाही. नवशिक्या विद्यार्थ्याला हा पहिला धडा एवढा पुरेसा आहे की बाकीचे त्यामागून सहज येते.

बाकीचे म्हणजे काय? एखाद्या राशीला नाव देणे, अट घालणे आणि तेच काम पुन्हा करवून घेणे. वसतिगृहाच्या भोजनगृहात हे तिन्ही रोज घडते. हजर मुलांची संख्या ही नाव दिलेली राशी. मुले ठरावीक संख्येपेक्षा जास्त असतील तर कणीक वाढवावी, ही अट. आणि प्रत्येक ताटात तेवढ्याच चपात्या वाढणे, ही पुनरावृत्ती. फोरट्रान (१९५७) असो, विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून डार्टमथ महाविद्यालयात १९६४ साली रचलेली बेसिक असो, किंवा १९९१ पासूनची पायथन असो, प्रत्येकीत याच गोष्टी वेगवेगळ्या पेहरावात भेटतात.

‘आधी इंग्रजी पक्के होऊ द्या, मग संगणक’ हा सल्ला आपल्या मुलांना सर्रास दिला जातो. तो सद्हेतूने दिला जातो, पण निराधार आहे. पायथनच्या सध्याच्या आवृत्त्यांत राखीव शब्द आहेत अवघे ३५. राशींची नावे तर ‘मुले’, ‘बेरीज’ अशी देवनागरीतही ठेवता येतात. पुढे इंग्रजी लागतेच, हे मी नाकारीत नाही. पण तर्क मराठीत बांधला गेला असेल, तर ते इंग्रजी कामासोबत येत जाते.

दुसरा आक्षेप ताजा आहे: आता कृत्रिम बुद्धिमत्ताच आज्ञावल्या लिहिते, मग मुलांनी शिकावे कशाला? याचे उत्तर आपल्या कारखान्यांतच मिळेल. कॅम सॉफ्टवेअर कित्येक वर्षांपासून जी-कोडच्या शेकडो ओळी आपोआप काढून देते. तरीही पहिला जॉब कापण्यापूर्वी जाणकार सेटर यंत्र एकेक ओळ पुढे सरकवीत चालवून पाहतो, कारण टूल फिक्स्चरवर आदळले तर जबाबदार तो असतो. ज्याला ती ओळ वाचता येते त्याला यंत्र थांबविण्याचा अधिकार मिळतो. ज्याला येत नाही तो हिरवी कळ दाबून जॉब बदलत राहतो, आणि बहुधा कंत्राटावरच राहतो. आपली मुले या दोहोंपैकी कोणत्या बाजूला उभी राहतील, हा खरा प्रश्न आहे.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी सरकारला दिलेल्या निवेदनात विज्ञान व तंत्रविद्येच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. समाज कारागिरीवरच थांबू नये, हा त्यामागील आग्रह होता. टंकलेखन आणि तक्ते शिकवून संगणक-शिक्षण पूर्ण झाले असे आपण मानणार असू, तर त्या आग्रहापासून आपण बरेच मागे आहोत.

म्हणून संस्थेला माझी सूचना आहे की आठवीपासून दर शनिवारी दोन तास यासाठी राखून ठेवावेत. पहिले तीन महिने संगणकही नको. चौकटींचा कागद आणि पेन्सिल पुरे. एकाने आज्ञा लिहाव्यात, दुसऱ्याने त्या अक्षरशः पाळून आकृती काढावी, आणि चूक निघाली की ती कोणत्या ओळीत आहे हे दोघांनी मिळून शोधावे. त्यानंतर पायथन. शिकविण्यासाठी बाहेरून कोणाला आणण्यापूर्वी माजी विद्यार्थ्यांची यादी काढून पाहावी. तीत सेटर आणि प्रोग्रॅमर निश्चित सापडतील, आणि साप्ताहिक सुटीची पाळी लावून घेतली तर त्यांपैकी दोघे-तिघे दर शनिवारी येऊ शकतील.