गोळी महिन्याची, कवच पाच लाखांचे

दिवाळी सरली की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतील तरणी माणसे वीटभट्ट्यांची वाट धरतात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि त्यांची दुखणी. रक्तदाब, मधुमेह यांसारखी ही दुखणी समूळ बरी होत नाहीत. रोजच्या गोळीने आवरून धरावी लागतात. २०१७-१८ च्या राष्ट्रव्यापी पाहणीत साठीपुढील सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना एखादा तरी दीर्घकालीन विकार आढळला.

शासनाने यावर काय योजले? २०२४ मध्ये सत्तरीपुढील सर्वांना पाच लाखांचे विमाकवच दिले. परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच उघडते. रक्तदाबाच्या गोळीला त्यात स्थान नाही. गोळीअभावी पक्षाघात झाला की मात्र रुग्णालयाचे बिल भागते! हे अर्थशास्त्र कोणाच्या सोयीचे?

२०२३ पासून राज्याच्या सरकारी रुग्णालयांत उपचार विनामूल्य झाले, हे मान्य केलेच पाहिजे. पंचाहत्तरीपुढे एस.टी.ही मोफत आहे. पण सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी कोण देणार?

तानसा-भातसाचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईच्या घराघरांत पोचते. मग महिन्याची गोळी उपकेंद्रातून पाड्यावर का पोचू नये? ऐपत नाही म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ मध्येच मांडले होते.

कार्यकर्त्यांनी गावोगावच्या अशा वृद्धांची यादी करावी, ग्रामसभेत ठेवावी आणि घरपोच औषधांचा ठराव करून घ्यावा. आयुष्यभर राबलेल्यांची ही थकलेली मजुरी आहे.