क्रीडांगण : बर्लिनचा टास्मानिया

एखाद्या फुटबॉलवेड्या जर्मन गृहस्थापुढे ‘टास्मानिया’ हा शब्द उच्चारला, तर त्याला ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचे बेट बहुधा आठवणार नाही; त्याच्या ओठांवर हसू मात्र उमटेल. बर्लिनच्या या नावाच्या क्लबाने तेथील राष्ट्रीय साखळी स्पर्धेत, म्हणजे बुंडेसलिगात, एकच हंगाम काढला आणि त्यात पराभवाचे जे विक्रम घडले ते आजवर कुणाला मोडता आलेले नाहीत. परंतु या हसण्यात त्या क्लबावर थोडा अन्यायच होतो.

क्लब १९०० सालचा. त्याचे मूळ रिक्सडॉर्फचे. या वस्तीला पुढे नॉयकोल्न हे नाव मिळाले. १९५९, १९६० आणि १९६२ असे तीन वेळा टास्मानियाने पश्चिम बर्लिनचे विजेतेपद पटकावले होते, तेव्हा संघ अगदीच लेचापेचा नव्हता. १९६३ मध्ये बुंडेसलिगा सुरू झाली, त्या वेळी बर्लिनची एकमेव जागा हेर्था या क्लबाकडे गेली.

१९६५ मध्ये हेर्थाने खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याचे उघडकीस आले व त्याची हकालपट्टी झाली. आता प्रश्न निव्वळ खेळाचा राहिला नाही. शहरात भिंत उभी राहून चार वर्षे झाली होती. चोहोबाजूंनी पूर्व जर्मनीने वेढलेल्या पश्चिम बर्लिनला राष्ट्रीय स्पर्धेबाहेर ठेवणे राजकीयदृष्ट्या परवडणारे नव्हते. बर्लिनचा विजेता टेनिस बोरुसिया बढतीच्या सामन्यांत नुकताच हरला होता. दुसऱ्या क्रमांकाच्या श्पांडाउने नकार दिला. उरला तिसरा, टास्मानिया. हंगाम तोंडावर आलेला आणि खेळाडू सुट्टीवर गेलेले! परीक्षेला न बसलेल्या मुलाला एकदम वरच्या वर्गात बसवावे, तशी ही गत. त्याच वेळी संघांची संख्या १६ वरून १८ करण्यात आली आणि तळाशी गेलेले कार्ल्सरूअ व शाल्क हे दोन्ही संघ बचावले. यांतील शाल्कचे नाव ध्यानात असू द्यावे.

१४ ऑगस्ट १९६५ रोजी ऑलिंपिक स्टेडियममध्ये ८१ हजारांहून अधिक प्रेक्षक लोटले. उस्बेकने दोन गोल केले आणि कार्ल्सरूअ हरले. त्यानंतर सलग ३१ सामने टास्मानियाला विजय दिसला नाही. इटलीहून आणलेला होर्स्ट शिमानियाक हा राष्ट्रीय संघातला नामांकित खेळाडू. पण एकटा तो काय करणार? मायडेरिशने तर घरच्याच मैदानावर ९ गोल चढवले. जानेवारी १९६६ मध्ये म्योन्शनग्लाडबाखविरुद्धच्या सामन्याला त्या प्रचंड स्टेडियममध्ये ८२७ माणसे आली होती. त्या दिवशी संघ हरला नाही, गोलशून्य बरोबरी झाली, हे कुणी सांगत नाही. हंगामाचा हिशेब असा: ३४ सामने, २ विजय, ४ बरोबरी, २८ पराभव, केलेले गोल १५, स्वीकारलेले १०८.

संघ पुन्हा प्रादेशिक स्पर्धेत परतला आणि १९७१ मध्ये त्याने बर्लिनचे विजेतेपदही मिळवले. पण कर्जाने क्लब बुडाला. १९७३ मध्ये तो विसर्जित झाला. नॉयकोल्नच्या मंडळींनी त्याच वर्षी नवा क्लब काढून नाव तेवढे जिवंत ठेवले.

जानेवारी २०२१ मध्ये शाल्कचा संघ सलग ३० सामने विजयाविना राहिला होता. होय, १९६५ मध्ये वाचलेला तोच शाल्क! टास्मानियाचे पाठीराखे बेचैन झाले. आपला विक्रम हातचा जाऊ नये, म्हणून ते शाल्कच्या विजयाची वाट पाहू लागले. ९ जानेवारीला शाल्कने होफनहाइमवर ४–० असा विजय मिळवला आणि ३१ सामन्यांचा विक्रम नॉयकोल्नमध्येच राहिला.