निष्ठेची किंमत

साबण निकृष्ट निघाला तर ग्राहक दुसरा घेतो. फुटबॉलच्या चाहत्याला ती वाट मोकळी नसते. २०२४-२५ च्या हंगामात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये मँचेस्टर युनायटेड ३८ पैकी १८ सामने हरून पंधराव्या स्थानी घसरला. त्याच हंगामाच्या मध्यावर व्यवस्थापनाने उरलेल्या तिकिटांचा दर ६६ पौंड केला. मुलांची व वृद्धांची सवलतही काढून घेतली. चाहते संतापले, तरी मैदानाकडे वळतच राहिले. ज्याला पर्याय नाही, त्याच्या नाराजीला बाजार भीत नाही. जर्मनीत मात्र, काही अपवाद वगळता, क्लबमधील बहुमत सभासदांच्याच हाती असते. पराभव तेथेही होतात. पण चाहत्याला जाब विचारता येतो. निष्ठेची परतफेड विजयाने होत नसेल, तर निदान मताधिकाराने तरी व्हावी.