दवाखान्याच्या दारातले स्टेशन

17 सप्टेंबर 2025 रोजी बीडहून अहिल्यानगरला पहिली प्रवासी गाडी सुटली. आमच्या दादा-नानांनी जिची वाट पाहत आयुष्य काढले, ती रेल्वे नातवंडांनी पाहिली. अल्हम्दुलिल्लाह! या निमित्ताने वाचकांना एका दूरच्या, विसरलेल्या स्टेशनाची ओळख करून द्यावी असे आम्हाला वाटले. ते स्टेशन इंग्लंडमधले असले तरी त्याच्या कहाणीचा एक धागा आपल्या अंबाजोगाईपर्यंत येतो.

अंबाजोगाईचे जुने नाव मोमिनाबाद. निजामाच्या काळात येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि घोडदळाचा रिसाला राहत असे. 1903 साली कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाले. त्याच्या घोडदळातून पुढे 20वे डेक्कन हॉर्स, 29वे लान्सर्स आणि 30वे लान्सर्स हे रिसाले नावारूपाला आले. 20व्या डेक्कन हॉर्समध्ये शीख आणि जाट स्वारांच्या बरोबरीने दख्खनी मुसलमान होते. दख्खनी म्हणजे आपलेच लोक, घरात दख्खनी आणि बाजारात मराठी बोलणारे.

1914 साली पहिले महायुद्ध पेटले आणि हे तिन्ही रिसाले फ्रान्सला गेले. तेव्हा बीडला रेल्वे नव्हती. घरून निघालेल्या स्वाराला गाडी धरायची तर जालना किंवा लातूर गाठावे लागे. डेक्कन हॉर्स मुंबईहून जहाजाने निघाले, ऑक्टोबरमध्ये मार्सेल बंदरात उतरले आणि डिसेंबरच्या थंडीत चिखलाने भरलेल्या खंदकांत उभे राहिले. घोडेस्वारांना पायदळासारखे लढावे लागले.

त्या पहिल्या हिवाळ्यात जखमी झालेल्या हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना जहाजाने समुद्रापलीकडे इंग्लंडला नेत. साउथॅम्प्टन बंदरात रुग्णगाड्या तयार असत. बंदरापासून थोड्याच अंतरावर नेटली या गावी लष्कराचा रॉयल व्हिक्टोरिया दवाखाना होता. त्याची पायाभरणी राणी व्हिक्टोरियाने 1856 साली केली आणि 1863 साली तो सुरू झाला. इमारत सुमारे पाव मैल लांब होती. समुद्रात धक्काही बांधला होता, पण तो आखूड पडला. मोठी जहाजे त्याला लागत नसत. त्यामुळे रुग्णांना साउथॅम्प्टनला उतरवून रेल्वेने नेटली गावच्या स्टेशनावर आणावे लागे आणि तिथून पुढे रस्त्याने. ज्याचा पाय तुटला आहे त्याला हे हेलपाटे किती जड जात असतील, याचा विचार करा.

दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात जखमींची संख्या वाढली. तेव्हा 1900 साली गावच्या स्टेशनापासून थेट दवाखान्याच्या आवारापर्यंत रूळ टाकले गेले आणि इमारतीच्या मागे फलाट झाला. गाडी दवाखान्याच्या दारातच थांबू लागली. 1914 साली मागच्या मोकळ्या जागेत रेड क्रॉसने शेड आणि तंबू उभारले. हिंदी जखमींपैकी अनेकांवर याच नेटलीत उपचार झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन जखमीही येथेच आले. पुढे रुळांची गरज संपली, 1963 साली इमारतीला आग लागली आणि 1966 साली ती पाडली. मधले प्रार्थनागृह तेवढे राहिले. आज तिथे सार्वजनिक बाग आहे आणि लोक सहलीला जातात.

ही झाली स्टेशनाची गोष्ट. पण त्या फलाटावर स्ट्रेचरवरून उतरलेल्या माणसाच्या मनात काय असेल? शरीराच्या जखमेबरोबर त्याला आणखी एक घोर होता. नोव्हेंबर 1914 मध्ये उस्मानी तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात आले आणि खलिफांनी जिहाद पुकारला. इकडे निजाम मीर उस्मान अली खान यांनी मुसलमानांना इंग्रजांशी एकनिष्ठ राहण्याचे आवाहन केले. एका बाजूला खाल्लेले मीठ, दुसऱ्या बाजूला दीनी भावना. आज घरात आरामात बसून त्या शिपायांना गद्दार किंवा गाझी ठरवणे सोपे आहे. आम्हाला तसे करावेसे वाटत नाही. पोटासाठी आणि शब्दासाठी गेलेली ती साधी माणसे होती.

इंग्रजांनाही ही नाजूक जागा ठाऊक होती. ब्रायटनच्या राजवाड्यातल्या दवाखान्यात हिंदू आणि मुसलमान रुग्णांसाठी वेगळी स्वयंपाकघरे आणि पाण्याचे वेगळे नळ होते. पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत लावल्या होत्या. यात माणुसकी होती, तसा राजकीय हिशेबही होता. मुसलमान शिपायांचे दफन धर्माप्रमाणे होत नाही, असा प्रचार जर्मनी करत होता. वोकिंगच्या शाहजहान मशिदीचे इमाम मौलवी सदरुद्दीन यांनी योग्य कब्रस्तानाचा आग्रह धरला आणि मशिदीजवळ घुमट-मिनारांच्या कमानीचे कब्रस्तान 1917 साली पुरे झाले. ही मशीद 1889 साली भोपाळच्या शाहजहान बेगम यांच्या देणगीतून बांधली गेली. तिच्या शेजारच्या घराला हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांचे नाव आहे. सालारजंग म्हणजे ज्यांच्या कारभारात आपला बीड जिल्हाही होता तेच. या कब्रस्तानात दोन्ही महायुद्धांतले 27 मुसलमान शिपाई दफन झाले. 1960च्या दशकाअखेरीस त्यांच्या कबरी ब्रुकवूडच्या लष्करी दफनभूमीत हलवल्या. जुन्या जागी 2015 साली शांतता उद्यान झाले आणि त्या 27 जणांसाठी हिमालयन बर्चची 27 झाडे लावली गेली.

परक्यांनी माणसामागे एक झाड लावले. आपल्या घरांत मात्र "परदादा विलायतेच्या लढाईत गेले होते" एवढेच वाक्य उरते. दादी-नानी गेल्या की तेही जाते. म्हणून वाचकांना काही गोष्टी सुचवतो.

घरातली जुनी पेटी उघडून पाहा. पहिल्या महायुद्धाचे गोल पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली वाचा. तिच्यावर शिपायाचे नाव, नंबर आणि पलटण कोरलेली असते. 1914चा तारा असेल तर ही माहिती मागच्या बाजूला असते. युद्धपदक चांदीचे असल्याने कित्येक पदके सराफाकडे वितळली. तसे करू नका. चांदी पुन्हा मिळेल, नाव मिळणार नाही.

शिपाई परत आले नसतील तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या वेबसाइटवर नाव मोफत शोधता येते. पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही आहे. नावांची स्पेलिंग वेडीवाकडी असतात, म्हणून आधी पलटणीच्या नावाने शोधा. बीडसाठी 'भीर' आणि अंबाजोगाईसाठी 'मोमिनाबाद' हेही पाहा. फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल येथील स्मारकावर ज्यांची कबर सापडली नाही अशा 4,700हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. निजामाच्या राज्याचे फारसी-उर्दू दफ्तर हैदराबादच्या तेलंगणा राज्य अभिलेखागारात आहे. घरातल्या उर्दू वाचणाऱ्या वडीलधाऱ्यांना सोबत घ्या; त्यांच्या हातून हे काम झाले तर त्यांनाही समाधान वाटेल.

आणि हे सारे मुलांना जवळ बसवून करा. आपण या मातीत कालपरवा आलेलो नाही, आपले लोक याच गावांतून निघाले आणि जगाच्या इतिहासात त्यांची नावे लिहिली गेली, हे मुलांना पुराव्यानिशी कळू द्या. नाव सापडले की मग्फिरतीची दुआ करताना ते नाव घ्या. शंभर वर्षांत कदाचित कुणी घेतले नसेल.