विश्रामबाग : वाडा कुणाचा?

पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरून जाताना विश्रामबागवाड्याचा कोरीव लाकडी सज्जा सर्वांनाच दिसतो. वाडा कुणाचा, असे विचारले की ठरलेले उत्तर येते, ‘दुसऱ्या बाजीरावाचा.’ उत्तर खोटे नाही. पण अपुरे आहे, आणि आपल्या आत्मविस्मृतीचे मूळ या अपुरेपणातच आहे.

सुमारे दोन लाख रुपये खर्चून उभारलेल्या या वास्तूत अखेरच्या पेशव्याचे वास्तव्य झाले जेमतेम अकरा वर्षे. १८१८ मध्ये राज्य गेले, बाजीराव ब्रह्मावर्तास गेला. तीनच वर्षांनी, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी, याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. एल्फिन्स्टनचा हेतू निखळ विद्याप्रेमाचा नव्हता. पराभूत समाजातील विद्वद्वर्ग शांत राहावा, हा त्यामागील राजकीय हिशेब होता. परंतु द्रव्य पेशवाईतील श्रावणमासच्या दक्षिणेच्या परंपरेतले, शास्त्री येथलेच आणि विद्याही येथलीच! या पाठशाळेतूनच पुढे पूना कॉलेज आणि मग टिळक-आगरकर जेथे शिकले ते डेक्कन कॉलेज उभे राहिले. मग हा वाडा विलासी पेशव्याचा म्हणायचा की विद्येचा?

१८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग भस्मसात झाला. तो पुन्हा उभा राहिला लोकवर्गणीच्या आधाराने. पुढे १९५९ पर्यंत नगरपालिकेचा, नंतर महापालिकेचा कारभार येथून चालला. टपाल कचेरीही येथे होती.

काही मंडळींना असा प्रत्येक वापर म्हणजे विटंबना वाटते. त्यांचे म्हणणे असे की, वास्तू जपायची तर तिला कुलूप घालावे. हा विचार वरकरणी श्रद्धेचा, प्रत्यक्षात आळसाचा आहे. शनिवारवाड्यातील महाल १८२८ च्या आगीत गेले. तेथे आज तट आणि जोती पाहून परतावे लागते. विश्रामबागेत मात्र अजून छप्पर आहे, दालने आहेत. माणसांचा वावर राहिला, म्हणूनच या वाड्याची वेळोवेळी डागडुजी झाली.

अर्थात, कोणताही वापर चालेल, असे नव्हे. जेथे शास्त्रार्थ झाले तेथे जुन्या फायलींचे गठ्ठे रचणे हा करंटेपणाच होय. आणि केवळ तिकीट लावून छायाचित्रांसाठी वाडा उघडणे म्हणजेही वारसा जपणे नव्हे. पुण्यात मोडी कागदपत्रांचे भांडार आहे, ते वाचणारे मोजके आहेत. मग या दालनांत मोडीचे आणि संस्कृतचे नित्य वर्ग का भरू नयेत? त्यासाठी नवी इमारत नको. हवी ती इच्छाशक्ती.

राज्य बुडाल्यानंतर तीन वर्षांत, परक्या सत्तेखाली, येथे अध्ययन सुरू होऊ शकले. स्वराज्यात ते होऊ नये, याचा दोष आता कोणत्या एल्फिन्स्टनच्या माथी मारणार? लोकवर्गणीने सावरलेला हा वाडा लोकांचा आहे. आणि त्याचा जाब मागण्याचा अधिकार, तसेच तो चालता-बोलता ठेवण्याचे दायित्वही लोकांचेच आहे.