दाढी करतोयस की भिंत घासतोयस?

फर्स्ट इयरला असताना माझ्या मानेकडे बघून रूममेटने विचारलं होतं, ‘काय रे, मांजरीने बोचकारलं का?’ मांजर वगैरे काही नव्हतं. सकाळी प्रेझेंटेशन होतं, म्हणून पाच पात्यांच्या नव्याकोऱ्या रेझरने घाईघाईत दाढी उरकली होती. गळाभर लाल पुरळ, दोन-तीन पुटकुळ्या आणि दिवसभर नुसती आग. मग फोम बदल, जेल बदल, ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेलं आफ्टरशेव्ह आण. पॉकेटमनी संपला, पुरळ तसंच.

सुट्टीत घरी गेलो तर आजोबा माझी दाढी बघून म्हणाले, ‘अरे, दाढी करतोयस की भिंत घासतोयस?’ आणि कपाटातून त्यांचा जुना रेझर काढून दिला. पितळी, जड, दांड्याचं बूड फिरवलं की वरची दोन झाकणं दारासारखी उघडणारा. आत एकच ब्लेड.

एक म्हणजे कमी, असं जाहिरातींनी आपल्या डोक्यात बसवलंय. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन माणसाला अशा रेझरचं पेटंट १९०४ साली मिळालं. पातळ ब्लेड, बोथट झालं की बदलायचं, एवढी साधी कल्पना. पुढे त्याच्याच कंपनीने १९७१ मध्ये दोन पाती आणली, १९९८ मध्ये तीन आणि २००६ मध्ये पाच. पण जास्त पाती म्हणजे त्वचेला जास्त आराम, असं काही नाही. पुढचं पातं केस जरासा ओढतं आणि तो मागे सरकायच्या आत मागचं पातं त्याला आणखी खालून कापतं. गाल मस्त गुळगुळीत लागतो. पण केसाचं टोक कातडीखाली जातं. केस कुरळा असेल तर तो बाहेर यायच्या ऐवजी आतच वळतो. तिथे पुटकुळी येते. शिवाय एकदा हात फिरवला की त्याच जागेवरून पाच पाती जातात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : दाढीनंतर आग होत असेल तर आणखी महागडं काही घेण्याआधी एका पात्याकडे या. मात्र जुना रेझर म्हणजे जादू नाही. पहिल्याच दिवशी मी हनुवटी कापून घेतली, कारण सवयीने दाब दिला. या रेझरचं वजनच पुरेसं असतं. तो साधारण ३० अंशांत धरायचा आणि नुसता खाली येऊ द्यायचा. आधी कोमट पाण्याने चेहरा भिजवा, ब्रशने साबणाचा दाट फेस करा, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने छोटे छोटे हात मारा. सलूनमध्ये मारतात तो उलटा हात नाजूक त्वचेवर नकोच. शेवटी गार पाणी. तुरटी फिरवायची तर बेताने. तिने त्वचा कोरडी पडते.

खर्चाचं म्हणाल, तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात असं ब्लेड काही रुपयांत मिळतं. घरात जुना रेझर नसेल तर जुन्या बाजारात शोधा; पण घेताना बघा, ब्लेड सरळ बसतं का, दोन्ही बाजूंनी सारखं बाहेर येतं का. घरी आणल्यावर जुन्या टूथब्रशने साबण लावून घासा, मग स्पिरिटने पुसा. स्वस्तातल्या कानातल्यांनी किंवा बेल्टच्या बक्कलने तुम्हाला खाज येत असेल, तर निकेलचा मुलामा असलेल्या जुन्या रेझरऐवजी स्टेनलेस स्टीलचा बघा. आणि हो, फोटो टाकण्यासाठी दहा रेझर जमवणं हा वेगळा छंद झाला, त्याने त्वचा सुधारत नाही.

काही गोष्टींत मात्र हयगय नको. ब्लेड दोस्तालाही द्यायचं नाही. वापरलेलं ब्लेड तसंच कचऱ्यात टाकू नका, कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. जुन्या पत्र्याच्या डबीत साठवा. मुरमं पिकलेली असतील तर त्यावरून ब्लेड फिरवूच नका, आणि पुरळ जातच नसेल तर सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

माझी त्वचा आजही नाजूकच आहे. बदललाय तो हात. प्रेझेंटेशन असेल तर दाढी आदल्या रात्रीच करतो, म्हणजे सकाळपर्यंत त्वचा शांत होते. आणि रात्री राहून गेलीच तर सकाळी करत नाही. वाढलेल्या खुंटांचे मार्क आजवर कुणी कापलेले नाहीत.