पात्र फिरते की स्थिर?

जव्हार-मोखाड्याकडील औषधनिर्मात्यांमध्ये आसवारिष्टांसाठी दोनशे लिटरची प्लॅस्टिकची पिंपे घेण्याचा कल दिसतो. कारण ती हलविता येतात. आम्हांस हे पटत नाही. भरलेल्या पिंपाचे वजन दोनशे किलोंहून अधिक. ते टेम्पोत चढविण्यास चार माणसे लागतात. मग ते 'फिरते' कसले?

संधानास स्थैर्य हवे. घृतलिप्त पात्र धान्यराशीत किंवा भूमीत ठेवण्याची शास्त्राज्ञा उगीच नाही. तेथे उष्णता सम राहते. धायटीची फुले घालून संधिबंधन केलेले पात्र हलविले की गाळ ढवळतो, सांध्यातून हवा शिरते आणि अरिष्टाचे शुक्त होण्याचा धोका वाढतो. इकडच्या ओल्या, गार पावसाळ्यात तर अधिक जपावे लागते.

म्हणून संधान सागवानी वा स्टेनलेस स्टीलच्या स्थिर पात्रात, ओट्यावर, तळाच्या थोडी वर तोटी ठेवून करावे. वायूसाठी वर जागा सोडावी. असे पात्र महाग पडते, धुण्यास कष्टही फार, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु निथळून गाळल्यानंतरच ते पाच लिटरच्या कॅनमध्ये भरावे. एक माणूस तो कॅन डोंगरातल्या पाड्यावर सहज नेतो, आणि तेथील रुग्णाला आंबलेले अरिष्ट परत करण्यास पुन्हा घाट उतरावा लागत नाही.